डावी तर्जनी

आदल्या रात्री आम्ही शाळेतच झोपलो,
भायखळ्याच्या मिशन शाळेत, चौथी ‘ब’च्या बाकांवर:
मी, हडकर साहेब, एक हवालदार,
आणि लाखेचा शिक्का मारलेलं यंत्र.
फळ्यावर कुणाच्या तरी अक्षरात राहिलेलं:
समानार्थी शब्द लिहा. झाड.
मला योथामाची झाडं आठवली.

शास्ते, अध्याय नववा.
झाडं राजा नेमायला निघाली.
जैतून म्हणाला, तेल सोडून मी कुठं येऊ?
अंजीर म्हणाला, माझी गोडी.
द्राक्षवेल म्हणाली, माझा रस.
मग काटेझुडूप म्हणालं, या, माझ्या सावलीत बसा.
काटेझुडपाची सावली!
संडे स्कूलमध्ये आम्ही इथं हसायचो.
पुढची ओळ बाई वाचत नसत:
नाही बसलात, तर माझ्यातून आग निघेल.

आता मला काटेझुडपाला काही विचारायचं नाही.
त्यानं जे सांगितलं, ते केलं.
मला जैतुनाला विचारायचंय.
मागच्या गल्लीत दुकानांची शटरं जळली
त्या संध्याकाळी आमच्या क्वायरचा सराव होता.
आल्टोवाल्या दोघी बेसूर होत होत्या,
आम्ही खिडक्या लावून घेतल्या,
धूर आत आला तो तिसऱ्या कडव्याला.
डीकन गोर्डे म्हणाले, राजकारण घाण असतं बाई,
आपण प्रार्थना करू.
आणि जिन्यात, हळूच:
आपल्याला कुठं हात लावला त्यांनी?

सकाळी सात वाजता रांगेत पहिली रुकय्या मुकादम.
केसांना तेल, पिशवीत रेशन कार्ड, विजेचं बिल,
नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला.
यादीत नाव नव्हतं.
गेल्या खेपेला होतं, ती म्हणाली.
हडकर साहेबांनी यादी तीनदा उलटली, मग नियम सांगितला.
माझं काम फक्त शाईचं.
जिथं नाव नाही तिथं बोट नाही.
डोंगरावर मोशे देवाला म्हणाला होता,
यांना क्षमा करणार नसशील
तर तुझ्या पुस्तकातून माझंही नाव खोड.
मी म्हटलं,
मावशी, पुढच्या वेळी बघा.
आणि बाटलीचं झाकण घट्ट केलं, उगाच.

दुपारी निनाद आला. चेंदवणकरांचा.
मशालींच्या मोर्च्यात तो पुढे होता, मी गॅलरीतून पाहिलं होतं.
बाई, ओळखलंत?
तिसरीत बाकाच्या झाकणात सापडलेलं त्याचं बोट
मी माझ्या रुमालात बांधलं होतं.
नख तेव्हापासून वाकडं उगवतं.
तेच बोट त्यानं पुढं केलं.

पिलातानं पाणी मागितलं, हात धुतले, मोकळा झाला.
माझ्यापुढं पाणी नाही.
नख वाढेपर्यंत न जाणारी शाई आहे फक्त.
खोटं कशाला बोलू,
काडी जोरात दाबावीशी वाटली.
पण या वाकड्या नखावरही
त्याचंच प्रतिरूप, ज्याचं माझ्यावर,
आणि यादीत त्याची एक ओळ, माझी एक,
तसूभर कमी नाही, जास्त नाही.
एवढंच ईश्वरविज्ञान मला येतं
आणि त्या दिवशी तेही जड गेलं.
मी शाई लावली. नखापासून कातडीवर, नियमाप्रमाणे.
पुठ्ठ्याच्या आडोशाआड तो गेला,
यंत्र लांबलचक वाजलं.
त्यानं काय दाबलं, मला ठाऊक नाही.
ठाऊक नसावं, म्हणूनच मी तिथं बसले होते.

संध्याकाळी नळाखाली हात घासले.
माझी पाचही बोटं काळी,
रुकय्याचं कोरं.

रविवारी सरावाला गेले नाही.
नाव नोंदवायचा अर्ज घेऊन
तिच्या चाळीचे तीन जिने चढले.
तिनं बराच वेळ दारातच उभं ठेवलं.
मग विचारलं,
आता काय उपयोग?
माझ्याकडं उत्तर नव्हतं.
पेन होतं.